नव्या गाडीचं ऑइल गळतंय आणि शोरूमवाले म्हणतात इन्शुरन्समधून करून घ्या, सही करू का?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि सगळ्यात आधी एकच सांगतो, त्या क्लेम फॉर्मवर सही करू नका. बाकीचं सगळं सावकाश बोलू.

इतर वाचकांना कळावं म्हणून प्रकरण थोडक्यात. ताई मिरजेच्या, शाळेत शिकवतात. 16 महिन्यांपूर्वी कोल्हापूरच्या शोरूममधून 11 लाख 40 हजारांची पेट्रोल गाडी घेतली, तीन वर्षांची वॉरंटी, सगळी सर्व्हिसिंग तिथेच, गाडी फिरलीय 19 हजार किलोमीटर. जूनपासून पार्किंगच्या फरशीवर काळे डाग पडायला लागले. पहिल्यांदा गाडी नेली तर खालून धुऊन दिली आणि थोडं सीपेज (ऑइल पाझरणं) नॉर्मल असतं म्हणाले. नंतर अर्धा लिटर ऑइल टाकावं लागलं, महिन्याभरात परत अर्धा लिटर. तिसऱ्या खेपेला सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणतो चेंबरला (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीला) खालून दगड लागलाय, वॉरंटीत बसत नाही, 38 हजार खर्च आहे, पण टेन्शन घेऊ नका मॅडम, इन्शुरन्समधून करून देतो, तुम्हाला फक्त फाइल चार्ज पडेल, इथे सही करा. ताई विचारतात की गाडी कुठे आपटल्याचं मला आठवत नाही, पण पैसे वाचत असतील तर सही करायला काय हरकत आहे?

हरकत मोठी आहे. त्या फॉर्मवर अपघात कधी झाला, कुठे झाला, कसा झाला हे लिहावं लागतं आणि वरची माहिती खरी आहे म्हणून खाली तुमची सही असते, ॲडव्हायझरची नाही. जो अपघात झालाच नाही तो तुमच्या सहीने कागदावर झाला. उद्या नुकसान तपासायला येणाऱ्या सर्व्हेअरला शंका आली तर क्लेम गेला आणि विमा कंपनीशी खोटं बोलल्याचा ठपका तुमच्यावर. नो क्लेम बोनसही शून्यावर येतो, एक वर्ष क्लेम न करता गेलं म्हणून तुम्हाला प्रीमियमवर ही 20 टक्के सूट मिळाली असणार. पण माझ्या दृष्टीने याहून वाईट म्हणजे गळती बाहेरच्या मारामुळे झाली हे तुम्ही स्वतःच लिहून दिलेलं असतं. माझ्याकडे अशी एक केस होती, क्लेममधून चेंबर बदललं, दोन महिन्यांत गळती परत सुरू, कारण ऑइल येत होतं इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या क्रँकच्या सीलमधून. ग्राहक आयोगात गेलो तर समोरच्या वकिलाने पहिला कागद काढला तो हाच क्लेम फॉर्म, त्या एका कागदाशी आम्ही दीड वर्ष भांडत बसलो. खरंच दगड लागला असता तर क्लेम जरूर करायचा, विमा त्यासाठीच असतो, पण तुम्ही स्वतः नाही म्हणताय.

आता दगड खरंच लागलाय का ते बघू. चेंबर पत्र्याचं असो की ॲल्युमिनियमचं, तेल गळेल एवढा मार बसला तर पोचा दिसतो, ओरखडा दिसतो नाहीतर तडा दिसतो. तुमच्या गाडीला खाली प्लास्टिकचं कव्हर असेल तर आधी त्याची वाट लागलेली असायला हवी. दगड लागला असं जो म्हणतो त्याने तो कुठे लागला ते दाखवायला नको का? गाडी लिफ्टवर घ्यायला सांगा, स्वतः खाली उभ्या राहा, टॉर्च मारून फोटो काढा. आणि चेंबर ओलं आहे म्हणजे चेंबरच फुटलंय असं अजिबात नसतं. इंजिनवरच्या टॅपेट कव्हरचं (झाकणाचं) पॅकिंग गेलं तरी ऑइल ओघळत खालीच येतं, गाडी चालताना वाऱ्याने मागे पसरतं आणि शेवटी चेंबरच्या कडेवरूनच टपकतं. त्यामुळे आधी पुसून कोरडं करून, दहा-पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवून पहिला ओलावा कुठे येतो ते बघायला हवं. ऑइलमध्ये डाय टाकून यूव्ही लाइटखाली बघतात तीही टेस्ट मागा.

पहिल्या वेळी गाडी धुऊन दिली तिथेच तुमचा अर्धा पुरावा नाल्यात गेला, हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. आता तसं होऊ देऊ नका. आज रात्री गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा टाका, सकाळी पुठ्ठ्यावर डाग पडला की त्यावर पेनाने तारीख आणि किलोमीटरचं रीडिंग लिहा आणि पुठ्ठा, डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी), मीटर तिन्हीचे फोटो घ्या. आठवडाभर रोज हे करा. दोनदा ऑइल टाकलं त्याची बिलं तुमच्याकडे आहेत ना? ती सोन्यासारखी जपा. बऱ्याच वॉरंटी बुकमध्ये किरकोळ सीपेज वॉरंटीत नाही असं एक वाक्य असतं आणि शोरूमवाले त्याच्या आड लपतात, पण महिन्याला अर्धा लिटर ऑइल घालावं लागतंय आणि पुठ्ठ्यावर रोज डाग पडतोय तर त्याला किरकोळ कोण म्हणेल?

जॉब कार्डाचं, म्हणजे गाडी देताना शोरूमवाले तक्रार लिहून घेतात त्या कागदाचं, नीट ऐका, माझ्या अनुभवात गाडीच्या केसेस इथेच जिंकल्या किंवा हरल्या जातात. तुम्ही तोंडाने सांगता ऑइल गळतंय आणि तो टाइप करतो जनरल चेकअप. सही करण्याआधी वाचा आणि इंजिन ऑइल लीक, तिसरी तक्रार, हे शब्द तुमच्या भाषेत लिहून घ्या. गाडी परत घेताना समाधानी असल्याच्या रकान्यात गळती बंद झाली की नाही हे तपासलेलं नाही, असं लिहून मगच सही. वॉरंटी नाकारत असतील तर कारण लेखी मागा, देत नसतील तर त्याच दिवशी ईमेल करा की तुम्ही तोंडी असं असं सांगितलंत. आणि तुम्ही नसताना इंजिन उघडायचं नाही, काढलेला पार्ट मला दाखवायचा, हेही ईमेलमध्ये टाका.

यानंतर शोरूम आणि गाडी बनवणारी कंपनी दोघांना स्पीड पोस्टने नोटीस, 15 दिवसांची मुदत देऊन. एकट्या शोरूमला पाठवू नका, नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, पुष्कळदा कंपनीचं हेड ऑफिस तिथूनच जागं होतं.

नाहीच ऐकलं तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे जिल्हा आयोग. कोल्हापूरला हेलपाटे नकोत, तुम्ही राहता तिथे म्हणजे सांगलीला दाखल करता येते. दिलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगच, आणि 10 ते 20 लाखांच्या गटात फी फक्त 400 रुपये. वकील लावलाच पाहिजे असं नाही, ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही दाखल होते. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं, पण तोपर्यंत थांबू नका, वॉरंटी चालू असताना केलेली तक्रार वजनदार असते. दोष मुळातला आहे हे सिद्ध करणं तुमच्याकडे येतं, म्हणून शासकीय तंत्रनिकेतन किंवा इंजिनिअरिंग कॉलेजच्या ऑटोमोबाइलच्या प्राध्यापकांकडून तपासणी करून लेखी रिपोर्ट घ्या, शिवाय कलम 38 खाली आयोगाकडे तपासणीचा अर्जही करता येतो. कायदा म्हणतो तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल, प्रत्यक्षात त्याहून जास्त वेळ जातो हे मनात धरून चाला.

पूर्ण गाडी बदलून मिळेल ही आशा मात्र आत्ता ठेवू नका. मारुती उद्योगच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने 2006 सालीच सांगितलंय की वॉरंटी सदोष पार्ट दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची असेल तर अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. तुम्ही मागायचं ते फुकट दुरुस्ती, इंजिनची वॉरंटी वाढवून, ऑइलचे आणि येण्याजाण्याचे पैसे, त्रासाची भरपाई. दोनतीन दुरुस्त्या करूनही गळती थांबली नाही तर चित्र बदलेल, तेव्हा बघू.

आणि रोज सकाळी स्टार्टर मारायच्या आधी डिपस्टिक बघा, ऑइल खालच्या खुणेच्याही खाली असेल तर गाडी हलवू नका, टो करून न्या आणि टोचं बिल ठेवा. ऑइलचा लाल दिवा लागूनही चालवली आणि इंजिन जाम झालं तर शोरूम म्हणेल ही तुमची चूक, विमा कंपनीही इंजिन प्रोटेक्टचं ॲड-ऑन (इंजिनसाठी वेगळं घेतलेलं जादा संरक्षण) नसेल तर हात वर करेल. वॉरंटी बुकमधलं अपवादांचं पान आणि तिन्ही जॉब कार्डांचे फोटो मला पाठवा, नोटिशीचा मसुदा मी करून देतो.