रोब्लॉक्सच्या बाहुलीला इरकल नेसवताना

रोब्लॉक्स या ऑनलाइन खेळातल्या तुझ्या बाहुलीसाठी कपडे करायचेत ना, मग पहिल्याच दमात नऊवारीच्या मागे लागू नकोस गं. रोब्लॉक्सचा क्लासिक शर्ट म्हणजे ५८५ × ५५९ पिक्सेलचं सपाट चित्र. ते अंगावर रंगवल्यासारखं बसतं, त्याला घोळ येत नाही. निऱ्या हव्याच असतील तर गडद-फिकट उभ्या पट्ट्यांनी भासवाव्या लागतात, आणि ते नवख्या हाताचं काम नव्हे.

त्यापेक्षा खणाच्या चोळीनं सुरुवात कर की. पण छातीला जागा मिळते १२८ × १२८ एवढीच; कर्नाटकातल्या गुळेदगुड्डच्या खणाची बारीक नक्षी तिथं नुसती धुरकट दिसते. बुट्टे मोठे घे, मोजके घे, काठ ठसठशीत ठेव. पुढचा आणि बाजूचा काठ एका उंचीवर जुळव, नाहीतर तो काखेखाली तुटतो. नव्वद टक्के पोरी इथंच घाई करतात, असं आपलं माझं मत.

इरकलीचा लाल पदर, त्यावरची पांढरी नक्षी मात्र लांबूनही ओळखू येते. खरं कापड बघायला बेळगावातल्या शहापूरच्या दुकानात जा, पण रंग उन्हात पारख. ट्यूबलाइटखाली डाळिंबी रंग फसवतो.

ठुशी शर्टावर रंगवू नकोस, वेगळी अॅक्सेसरी घाल. अपलोडला रोबक्स, म्हणजे या खेळातले पैसे, जातात, तेव्हा आधी रोब्लॉक्स स्टुडिओ या प्रोग्राममध्ये बाहुलीला हात वर करायला लावून, पाठमोरी फिरवून बघ.