व्हॉल्व्ह अ‍ॅम्प की डिजिटल मॉडेलर: फ्लॅटमध्ये राहणाऱ्या गिटारवादकाने काय घ्यावे?

तुम्ही लिहिले आहे, की तुम्ही पुण्यात फ्लॅटमध्ये राहता, महिन्यातून एखादा कार्यक्रम बँडबरोबर करता, तुमचे एक परिचित त्यांचा ३० वॅटचा जुना व्हॉल्व्ह अ‍ॅम्प विकायला काढत आहेत आणि जवळपास तेवढ्याच पैशांत बरा डिजिटल मॉडेलर, म्हणजे अ‍ॅम्पच्या आवाजाची संगणकी नक्कल करणारे यंत्र, येते. तर मॉडेलर खरोखर व्हॉल्व्ह अ‍ॅम्पसारखा वाजतो का आणि दोहोंपैकी काय घ्यावे, असा तुमचा प्रश्न आहे. मी बरीच वर्षे दोन्ही वापरते आहे. घरी २२ वॅटचा, १२ इंची एका स्पीकरचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प आहे आणि कार्यक्रमांना बहुतेक वेळा मी मॉडेलर घेऊन जाते. तुमच्या परिस्थितीत मॉडेलर घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र दोघांत आता काही फरकच उरला नाही, असे जे सर्रास सांगितले जाते ते मला मान्य नाही. फरक आहे, तो बहुतेक जण शोधतात तिथे नाही, एवढेच.

ज्यांच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता त्यांना आठवत असेल, की बटण फिरवल्यावर तो लगेच बोलत नसे, आधी तापत असे. गिटारच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पमध्ये तेच तंत्र आहे. निर्वात नळीतला तापलेला कॅथोड इलेक्ट्रॉन सोडतो, ते चारशे व्होल्टच्या आसपास दाब असलेल्या प्लेटकडे धावतात, आणि मधल्या जाळीवर आलेला गिटारचा क्षीण संदेश त्या प्रवाहाला कमीजास्त करतो. संदेश फार मोठा झाला, की नळीला तो पुरता पेलत नाही, लहरीची टोके दबतात आणि आपण ज्याला ओव्हरड्राइव्ह म्हणतो तो आवाज तयार होतो. एवढेच असते, तर त्याची नक्कल १९८० च्या दशकातच जमली असती. खरी गुंतागुंत पुढे आहे. जोरात कॉर्ड मारल्यावर पॉवर व्हॉल्व्ह, म्हणजे स्पीकरला शक्ती देणारे शेवटचे व्हॉल्व्ह, एकदम जास्त विद्युतप्रवाह ओढतात, त्यामुळे पुरवठ्याचा दाब क्षणभर खाली येतो आणि पुन्हा सावरतो, म्हणून तो सूर आधी किंचित दबतो आणि मग फुलतो. ज्या अ‍ॅम्पमध्ये रेक्टिफायरही (विजेच्या एसीचे डीसी करणारा भाग) व्हॉल्व्हचा असतो, त्यात हे विशेष जाणवते. त्यातच स्पीकरचीही भर पडते. ८ ओहम म्हणून विकला जाणारा १२ इंची स्पीकर सगळ्या सुरांना ८ ओहम नसतोच. साधारण ७५ ते १०० हर्ट्झच्या दरम्यान त्याचा रोध कित्येक पटींनी वाढतो आणि वरच्या पट्टीत पुन्हा चढत जातो. गिटारची सहावी तार मोकळी वाजवली, की सुमारे ८२ हर्ट्झचा सूर निघतो, म्हणजे नेमका त्याच टापूतला. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प अशा ठिकाणी स्पीकरला जास्त व्होल्टेज देतो, ट्रान्झिस्टरचा पॉवर अ‍ॅम्प सहसा देत नाही. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पसमोर उभे राहिल्यावर पोटऱ्यांना जो धक्का जाणवतो, त्याचा बराच भाग या साध्या विद्युत कारणातून येतो.

मॉडेलर हे सगळे गणिताने करतो. १९९८ मध्ये लाइन ६ कंपनीचा लाल, घेवड्याच्या दाण्याच्या आकाराचा पॉड आला आणि हा प्रकार घरोघरी पोहोचला. २००६ मध्ये फ्रॅक्टल कंपनीचा अ‍ॅक्स-एफएक्स आला, आणि पुढच्या दशकात केंपर कंपनीने चालू अ‍ॅम्पला चाचणीचे आवाज ऐकवून त्याचे प्रोफाइल, म्हणजे त्याच्या वागणुकीचा ठसा, काढून घेण्याची पद्धत रूढ केली. आज न्यूरल नेटवर्कने तेच काम होते आणि त्याचे मुक्त स्रोत सॉफ्टवेअरही मिळते. दोन पद्धतींतला भेद लक्षात ठेवण्यासारखा आहे. एका पद्धतीत मूळ सर्किटमधला प्रत्येक भाग समीकरणांत मांडलेला असतो, म्हणून बटणे फिरवल्यावर मॉडेल मूळ अ‍ॅम्पसारखेच बदलते. दुसरीत अ‍ॅम्पची एका ठरावीक मांडणीतली वागणूक टिपलेली असते, ती त्या मांडणीत फार अचूक असते, पण नंतर गेन (संदेश किती वाढवायचा ते ठरवणारे बटण) वाढवलात तर मूळ अ‍ॅम्पने तसेच केले असते याची खात्री नसते.

जुन्या मॉडेलरचा आवाज कर्कश का वाटे, याचे एक कारण एका सुरावर दाखवता येते. २४ पडद्यांच्या गिटारवर पहिल्या तारेच्या शेवटच्या पडद्यावरचा सूर सुमारे १,३१८ हर्ट्झचा असतो. डिस्टॉर्शनमुळे त्याच्या पटीतले स्वर निर्माण होतात; त्यातला ३१ वा सुमारे ४०,८७० हर्ट्झवर पडतो. तो आपल्याला ऐकू येत नाही, म्हणून व्हॉल्व्ह अ‍ॅम्पमध्ये त्याचा उपद्रव नाही. पण आवाजाचे सेकंदाला ४८,००० नमुने घेणाऱ्या यंत्रात २४,००० हर्ट्झच्या वरचे काहीही मावत नाही, ते दुमडून खाली येते, आणि हा स्वर ७,१३० हर्ट्झच्या आसपास उमटतो. मूळ सुराच्या पाचव्या पटीत नाही, सहाव्या पटीत नाही, दोहोंच्या मध्येच कुठेतरी. तो बेसूरच असतो आणि सूर वर बेंड केला, की हा स्वर उलट खाली उतरतो. आताची चांगली यंत्रे आतल्या आत नमुन्यांचा वेग कित्येक पटींनी वाढवून हा दोष ऐकू येणार नाही इतका कमी करतात. म्हणून दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या अनुभवावरून आजच्या मॉडेलरविषयी मत बनवू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता फरक नेमका कुठे आहे ते सांगते. मॉडेलरचा आवाज आपण सहसा हेडफोनमध्ये किंवा सपाट, म्हणजे स्वतःचा रंग न मिसळणाऱ्या, स्पीकरवर ऐकतो. त्या आवाजात अ‍ॅम्प असतोच, त्यापुढचे स्पीकरचे केबिनेट आणि त्या केबिनेटसमोर इंचभरावर ठेवलेला मायक्रोफोनही असतो. म्हणजे आपण रेकॉर्डिंगमधला अ‍ॅम्प ऐकत असतो आणि त्याची तुलना खोलीतल्या अ‍ॅम्पशी करतो. खऱ्या अ‍ॅम्पला मायक्रोफोन लावून शेजारच्या खोलीत हेडफोनवर ऐकले, तर तोही तितकाच ‘मॉडेलरसारखा’ वाटतो, हे मी स्वतः करून पाहिले आहे.

गेल्या पावसाळ्यात एका मित्राच्या सरावाच्या खोलीत आम्ही ही तुलना जरा नीट केली. मॉडेलरमधले केबिनेट आणि मायक्रोफोनचे अनुकरण बंद केले, त्याचा आवाज साध्या पॉवर अ‍ॅम्पमधून माझ्याच अ‍ॅम्पच्या स्पीकरला दिला आणि मीटर लावून दोन्हींची पातळी एका डेसिबलच्या आत आणली. ही शेवटची पायरी लोक टाळतात, आणि मग जो थोडा मोठा वाजतो तो त्यांना चांगला वाटतो. मित्र भिंतीकडे तोंड करून बसला होता. त्याला खात्रीने काही सांगता आले नाही. मला वाजवताना मात्र एका जागी फरक कळला. गिटारवरचे व्हॉल्यूमचे बटण १० वरून ४ वर आणून नखाने हलके वाजवले, की माझ्या अ‍ॅम्पचा आवाज स्वच्छ होतानाही कडेला किंचित खरखर ठेवत असे, मॉडेलर थोडा लवकर पूर्ण स्वच्छ होई. त्यानंतर आम्ही मॉडेलरमधला स्पीकरच्या रोधाचा पर्याय बदलला आणि तोही फरक निम्म्याने कमी झाला. जे उरले ते सांगायला मला शब्द सापडत नाहीत, पण हाताला ते कळत होते.

मोठ्या आवाजात आणखी एक गोष्ट घडते. स्पीकरमधून निघालेल्या ध्वनिलहरी गिटारच्या तारांनाच पुन्हा हलवतात आणि धरलेला सूर विझण्याऐवजी वाढत जातो. हेडफोनवर हे कधीही घडणार नाही, कारण तिथे तारेपर्यंत पोहोचणारा आवाजच नसतो. हा दोष मॉडेलरचा नाही, तो आवाजाच्या पातळीचा आहे, आणि तुमच्या फ्लॅटचा प्रश्नही तिथेच येतो. गिटारचा १२ इंची स्पीकर एका वॅटला एक मीटर अंतरावर सुमारे ९७ ते १०० डेसिबल देतो. शक्ती निम्मी केली, तर केवळ ३ डेसिबल कमी होतात. म्हणजे ३० वॅटऐवजी १५ वॅटचा अ‍ॅम्प घेतल्याने शेजाऱ्यांना काहीही दिलासा मिळत नाही. एक वॅटसुद्धा रात्री नऊनंतर फ्लॅटमध्ये चालणार नाही. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचे ज्यासाठी नाव आहे ते पॉवर व्हॉल्व्ह जोरात वाजवून ताणल्याशिवाय ऐकू येत नाही, आणि तसे ताणण्याची मुभा तुम्हाला वर्षातून किती दिवस मिळेल ते तुम्हीच मोजून पाहा.

मॉडेलर घेतल्यावर पहिल्या कार्यक्रमात जी चूक मी केली ती तुम्ही करू नये. मी रात्री हेडफोनवर, हळू आवाजात, फार जीव लावून आवाज तयार केले होते. सभागृहात ते वाजवले तेव्हा खालचे सूर घुमत राहिले, वरचे टोचू लागले आणि सोलो बँडमध्ये बुडून गेला. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवून दिले होते, की कमी पातळीवर आपल्या कानाला खालचे आणि अगदी वरचे सूर क्षीण ऐकू येतात. म्हणून घरी आपण ते वाढवून ठेवतो आणि रंगमंचावर ते अंगावर येतात. तेव्हापासून मी बेस नेहमी कमी ठेवते, १०० हर्ट्झच्या खालचे काढून टाकते आणि प्रत्येक आवाज बँडच्या सरावात, खऱ्या पातळीवर, पुन्हा बसवते. मॉडेलरमुळे आवाज उशिरा येतो, या तक्रारीत मात्र फारसे तथ्य नाही, कारण तो उशीर काही मिलिसेकंदांचाच असतो. तीन मिलिसेकंदांत आवाज हवेतून एक मीटर जातो, आणि तुमच्यामागे तीन मीटरवर ठेवलेला अ‍ॅम्प तुम्ही मुळातच नऊ मिलिसेकंद उशिरा ऐकत असता.

टिकाऊपणात माझे माप व्हॉल्व्हच्या पारड्यात पडते. १९६३ च्या आराखड्याचा अ‍ॅम्प आजही दुरुस्त होतो. त्याचे रेझिस्टर आणि कपॅसिटर पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानांत मिळू शकतात. व्हॉल्व्ह तेवढे रशिया, स्लोव्हाकिया किंवा चीनमधले मागवावे लागतात, आणि २०२२ मध्ये युद्धामुळे रशियातला पुरवठा अडला तेव्हा त्यांचे भाव चढलेले आपण पाहिले. मॉडेलरचा मुख्य बोर्ड गेला, तर बहुधा संपूर्ण बोर्डच बदलावा लागतो.

तरीही परिचितांचा अ‍ॅम्प पाहायला अवश्य जा, आणि शक्य असेल तर एक संध्याकाळ तो मोठ्या आवाजात वाजवा, कारण मॉडेलरमध्ये तुम्ही कशाच्या मागे आहात ते त्याशिवाय कळणार नाही. स्पीकर जोडलेला असल्याची खात्री केल्याशिवाय तो चालू करू नका, नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. अ‍ॅम्प अमेरिकेतून आणलेला असेल, तर मागच्या पट्टीवर १२० व्होल्ट लिहिले आहे का ते पाहा; तसे असल्यास योग्य ट्रान्सफॉर्मरशिवाय तो आपल्या २३० व्होल्टवर लावायचा नाही. आवाज वाढवून प्रीअ‍ॅम्पच्या (संदेश प्रथम वाढवणाऱ्या भागाच्या) प्रत्येक व्हॉल्व्हवर पेन्सिलीने हलकेच टिचकी मारा. एखादा घंटेसारखा वाजला, तर तो बदलावा लागेल. चेसिस, म्हणजे आतल्या सर्किटची धातूची पेटी, मात्र स्वतः उघडू नका. प्लग काढून ठेवल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका दाब टिकून राहू शकतो.