जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) होऊन आठ महिने झाले, पाच मुलाखतींत नकार मिळाला. नर्सिंग निवडून चूक केली का?

नकार नोकरीचा आहे, तुमच्यातल्या नर्सचा नाही. मी अकरा वर्षं स्टाफ नर्स आहे, आणि पहिले सात महिने मीही घरीच होते. सगळीकडे एकच प्रश्न: "अनुभव किती?" अनुभव द्यायला मात्र कोणी तयार नाही. त्या दिवसांत आईसमोर रडलेय मी.

मला उत्तर मुलाखतीत सापडलं नाही, वॉर्डात सापडलं. ट्रेनिंगमधली एखादी नाइट आठवा. सलाइन लावताना हात थरथरला, पण पेशंटला बरं वाटल्यावर तुम्हालाही बरं वाटलं होतं का? तसं असेल तर नर्सिंगमध्येच थांबा. रुग्णाजवळ जायचाच कंटाळा येत असेल, तर दुसरं काही निवडण्यात लाज नाही.

थांबायचं ठरलं तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आधी पूर्ण करा. मोठ्या कॉर्पोरेट हॉस्पिटलच्या मागे न लागता तालुक्यातलं ५०हून जास्त खाटांचं हॉस्पिटल बघा. पगार कमी मिळेल, ते खरंच अन्यायाचं आहे. पण एम्सच्या नॉरसेट (नर्सिंग ऑफिसर भरतीच्या) परीक्षेला जीएनएमवाल्यांकडून किमान ५० खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव मागतात, म्हणून खाटांचा आकडा आधी विचाराच. आयसीयू किंवा डायलिसिसला ड्यूटी मिळाली तर सोडू नका, तिथे हात लवकर तयार होतो.

मूळ कागदपत्रं मात्र कुणाकडेही ठेवायला देऊ नका. माझी एका ठिकाणी वर्षभर अडकली होती.