माणसं जपायची की स्वतःला?

तुमचा प्रश्न असा: सगळ्यांशी जुळवून घेतलं तर 'मी' उरत नाही, मनासारखं वागलं तर माणसं दुरावतात, मग करायचं काय? दोन्ही टोकांना जाऊन आलोय, म्हणून लिहितो.

बाविशीपर्यंत माझं एकच उत्तर असायचं, "मला काहीही चालेल." सिनेमा कुठला, फिरायला कुठे, सगळंच चालायचं. लोक म्हणायचे, किती समजूतदार! एकदा वाढदिवसाआधी मित्राने विचारलं, "तुला नक्की काय आवडतं रे?" मला एक वस्तू सांगता येईना. तो हसला, मीही हसलो. रात्री झोप मात्र लागली नाही.

मग थेट दुसरं टोक. फोन सायलेंटवर, सगळ्या ग्रुपमधून बाहेर, लग्नकार्यांना दांडी. दोन वर्षं. याला मी 'स्वतःचा शोध' म्हणायचो. (नाव भारदस्त असलं की भीती झाकता येते.) सापडलं काहीच नाही. उलट ज्यांना टाळत होतो, त्यांच्याशीच मनातल्या मनात दिवसभर भांडत होतो. मरे बोवेन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने कुटुंबांचा अभ्यास करताना हेच मांडलंय: घरच्यांशी संबंध तोडून निघालेला माणूस सुटलेला नसतो, चिकटून बसलेल्याइतकाच तोही त्यांच्यात अडकलेला असतो.

मला उजेड पडला तो डोनाल्ड विनिकॉटमुळे. हे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक. १९५८ साली त्यांनी एका निबंधात लिहिलं, की एकटं राहण्याची क्षमता मूल आई जवळ असतानाच कमावतं. आई आहे, पण काही मागत नाही, मध्ये मध्ये करत नाही. त्या भरवशावर मूल स्वतःत रमतं. म्हणजे 'मी' घडतो तोच कुणाच्या तरी सोबतीत. तुमच्या प्रश्नातला 'की' मला तेव्हापासून खटकतो.

हे मी बहिणीजवळ बसून अनुभवलंय. ती तिचं वाचते, मी माझं काम करतो. दोन-दोन तास शब्द नाही. मध्येच ती पान उलटता उलटता म्हणते, "पंखा कमी कर." बस. ज्यांच्यासोबत असं गप्प बसता येतं, ती माणसं आधी ओळखा. तशी दोन-तीन असली तरी पुष्कळ झाली. बाकीच्यांशी थोडं जुळवून घ्यावंच लागतं, त्यात स्वतःला हरवल्यासारखं काही नाही.

आणि 'नाही' म्हणण्याची सुरुवातही याच माणसांपासून करा, परक्यांपासून नको. मी पहिलं 'नाही' त्या वाढदिवसवाल्या मित्रालाच म्हटलं. रविवारी त्याला सामान हलवायला मदत हवी होती, मला नुसतं घरी पडून राहायचं होतं. फोन करण्याआधी मी तीन कारणं जुळवून ठेवली होती, त्यातलं एक तर कंबरदुखीचं.

"या रविवारी नाही जमणार," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला, आणि दुसरंच काहीतरी सांगायला लागला. माझी तिन्ही कारणं तशीच राहिली.