इन्स्टाग्रामआधी उत्तर देणारी माणसे ठरवा

इंदूरमधील आपल्या चर्चचे आणि त्याच्या आवारात चालणाऱ्या शिलाईवर्गाचे फेसबुक पान आहे, नाताळच्या छायाचित्रांना भरपूर पसंती मिळते, परंतु नवे कोणी येत नाही आणि दुरावलेली कुटुंबेही परतत नाहीत. तेव्हा इन्स्टाग्रामही सुरू करावे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते तूर्त करू नये. येथील एका मराठी मंडळाचे हेच काम मी बरीच वर्षे सांभाळत आहे आणि अडचण बहुधा माध्यमाची नसते, असे मला दिसते.

आपल्या पानावर एखाद्या छायाचित्राखाली ‘सुदामानगरहून यायचे आहे, संध्याकाळची बॅच आहे का?’ असा प्रश्न आठवडाभर तसाच पडून असेल, तर विचारणारी बाई दुसरा वर्ग शोधते आणि तो प्रश्न वाचणारे इतरही काय ते समजून जातात. म्हणून पाळकसाहेबांवर भार न टाकता दोन माणसे नेमा. त्यांनी रोज संध्याकाळी प्रत्येकाला नावाने, विचारलेल्या भाषेत उत्तर द्यावे. मराठीत विचारलेल्याला हिंदीत ठरावीक मजकूर चिकटवणे मला तरी पटत नाही. शिवाय मित्र व कुटुंबीयांच्या मजकुराला पानांच्या मजकुरापेक्षा प्राधान्य देण्याचे फेसबुकने जानेवारी 2018 मध्येच जाहीर केले होते. त्यामुळे सदस्यांनी स्वतःच्या खात्यावरून लिहिलेले दोन शब्द अधिक लोकांपर्यंत जाण्याची शक्यता असते.

व्हॉट्सअॅपवर मात्र कामांची विभागणी करावी. उपासनेची वेळ, वर्गाची सुट्टी अशा सूचनांसाठी चॅनेल पुरेसे आहे, कारण त्यात अनुयायांना एकमेकांचे क्रमांक दिसत नाहीत. एकच संदेश अनेकांना वेगवेगळा पाठवणाऱ्या ब्रॉडकास्ट यादीवर विसंबू नका. ज्यांनी आपला क्रमांक जतन केलेला नाही, त्यांना तो संदेश पोहोचतच नाही. ग्रुपमध्ये 1024 जण मावतात, पण एवढ्या गर्दीत कोणी आपले दुखणे सांगत नाही. त्यासाठी वस्तीनिहाय लहान ग्रुप हवेत. तेथेही प्रार्थनेची विनंती पुढे पाठवताना आजाराचे नाव आणि रुग्णालयाचा वॉर्ड लिहिण्याची सवय मोडा. संबंधितांना विचारल्याशिवाय हे सांगणे मला अक्षम्य वाटते, मग हेतू कितीही चांगला असो.

मुलांच्या छायाचित्रांसाठी पालकांची लेखी संमती घ्या. संस्थेत काळजी व संरक्षणाची गरज असलेली मुले असतील, तर त्यांची ओळख उघड करण्यास बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 74 नुसार मनाई आहे.

देणगीचा क्यूआर कोड सर्वांसाठी खुला टाकण्यापूर्वी आपल्या सीएंना अवश्य विचारा. अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या आपल्याच भाच्याने पाठवलेले पैसे, त्याच्याकडे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड असले तरी, कायद्याने परदेशी देणगी ठरतात. परदेशी देणग्यांच्या कायद्याखालील (एफसीआरए) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याखेरीज ती स्वीकारता येत नाही, आणि ती स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील नेमलेल्या खात्यातच यावी लागते. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम यात मोडत नाही.

राहिला पानाच्या ताब्याचा प्रश्न. पान काढून देणारा उत्साही मुलगा नोकरीसाठी पुण्याला जातो आणि पूर्ण अधिकार त्याच्याच खात्यावर राहतात, हे अनेक संस्थांत घडते. कार्यकारिणीतील किमान दोघांना ते अधिकार आजच द्या आणि पदाधिकारी बदलले की तेही बदलण्याची नोंद इतिवृत्तात करा.