मुंबईत तुंबलेल्या पाण्यातून छोटी पेट्रोल गाडी काढायची तर काय काळजी घ्यावी?

तुमच्याकडे नवी पेट्रोल हॅचबॅक आहे, कामासाठी रोज गोरेगाव ते परळ जावं लागतं, आणि पाणी तुंबलं तर गाडी घालायची की नाही हे कसं ठरवायचं, असा तुमचा प्रश्न आहे.

खोलीचा अंदाज चाकावरून घ्या. १४ इंची रिमचं चाक टायरसकट साधारण ६० सेंमी उंच असतं. पाणी रिमच्या खालच्या कडेला टेकलं असेल तर ते १२-१३ सेंमी आहे, खुशाल जा. चाकाच्या मध्यापर्यंत आलं तर ३० सेंमी. तेवढ्यात गाडीचा तळ पूर्ण बुडतो, दाराच्या रबरातून पाणी आत येतं आणि हलकी गाडी तरंगायलाही लागते. मी २० सेंमीची मर्यादा धरायला सांगेन. ती ओळखायला मुंबईत सोपी खूण आहे: पुढची रिक्षा बघा. रिक्षाचं चाक छोटं असतं, ते अर्धं बुडालेलं दिसलं की पाणी जवळपास २० सेंमी आहे. त्याहून जास्त बुडालं असेल तर यू-टर्न घ्या. एसयूव्हीवाले गेले म्हणून आपण जायचं नाही, त्यांचा एअर इनटेक, म्हणजे इंजिन जिथून हवा आत ओढतं ते तोंड, तुमच्यापेक्षा बराच वर असतो.

सबवेत हा हिशेब चालत नाही, कारण उतार मधोमध सर्वात खोल असतो आणि ते काठावरून कळत नाही. जुलै २०१९ मध्ये मालाड सबवेत गाडीत अडकून दोघांचा मृत्यू झाला. पाणी भरलेला सबवे बंद केलेला नसला, तरी तो बंद आहे असंच समजा. वाहत्या पाण्याचंही तेच. कोकणात किंवा गावाकडे फरशी पुलावरून पाणी जात असेल तर थांबायचं, घोटाभर दिसलं तरी.

घाई नसेल तर भरतीची वेळ बघा. साडेचार मीटरच्या आसपासची भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की नाल्यांचं पाणी समुद्रात जात नाही. भरती ओसरायला लागली आणि पाऊस थांबला की बऱ्याच ठिकाणी दोन-तीन तासांत रस्ता मोकळा होतो. तेवढा वेळ उंचावर गाडी लावून चहा प्या.

जायचंच ठरलं तर पाण्याआधी थांबून एसी बंद करा. एसीबरोबर रेडिएटरचा पंखा फिरतो आणि पाणी इंजिनभर उडवतो. सिग्नलला इंजिन आपोआप बंद करणारी स्टार्ट-स्टॉप सोय असेल तर तीही बंद करा, हे हमखास विसरलं जातं. दारांचं सेंट्रल लॉक उघडं ठेवा, एक काच निम्मी खाली घ्या. पुढची गाडी पूर्ण बाहेर पडेपर्यंत थांबा. मग पहिला गियर, चालत्या माणसाच्या वेगाने, आरपीएम १५०० ते २००० वर स्थिर. एएमटी (क्लच पेडल नसलेला ऑटोमॅटिक गियर) असेल तर मॅन्युअल मोडमध्ये पहिला गियर. मध्ये गियर बदलू नका, ॲक्सिलरेटर सोडू नका. थांबावंच लागलं तर क्लच दाबून हलका रेस देत राहा. रस्त्याच्या मधल्या, उंच भागातून चला. कडेला गटारं असतात. पाण्यात बांबू, फांदी किंवा लाल कापड रोवलेलं असेल तर तिथे मॅनहोल उघडलेलं आहे. समोरून बस आली की वेग आणखी कमी करा, तिची लाट थेट तुमच्या ग्रिलवर येते आणि एअर इनटेक अनेकदा तिथेच मागे असतो.

आता सगळ्यात महागडी चूक. गाडी पाण्यात बंद पडली तर चावी पुन्हा फिरवू नका, स्टार्ट बटणही नाही. १२०० सीसीच्या चार सिलिंडर इंजिनात एका सिलिंडरच्या वाट्याला ३०० सीसी येतात आणि पिस्टन वर पोहोचल्यावर उरणारी जागा जेमतेम ३० मिलिलिटर असते. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. दोन मोठे चमचे पाणी आत गेलं की पिस्टन अडतो आणि त्याला खालून जोडलेला दांडा, कनेक्टिंग रॉड, वाकतो. बंद पडताना कदाचित काहीच तुटलेलं नसतं. रॉड वाकतो तो बऱ्याचदा तुम्ही पुन्हा सेल्फ मारता तेव्हा. आणि मग विमा कंपनी म्हणते, हे नुकसान पुराने नाही, तुमच्या स्टार्ट करण्याने झालं. साध्या सर्वंकष पॉलिसीत असं इंजिनाचं नुकसान सहसा बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन वेगळं घ्यावं लागतं. मुंबईत राहताय तर घ्याच, पण त्याच्या अटीही वाचा.

बंद पडलेली गाडी न्यूट्रलमध्ये ढकलून बाहेर काढा, पाण्याची पातळी दिसेल असे फोटो काढा, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा आणि फ्लॅटबेडवर (सपाट पाठीच्या टो-ट्रकवर) चढवून गॅरेजला न्या. मेकॅनिकने आधी स्पार्क प्लग काढून इंजिन फिरवलं पाहिजे, म्हणजे साचलेलं पाणी त्या भोकांतून बाहेर उडतं. ऑइल दुधाळ चहासारखं दिसत असेल तर त्यात पाणी मिसळलंय. ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर तिन्ही बदला.

पाणी वाढतंय आणि गाडी हलत नाही, असं झालं तर गाडीचा विचार सोडा. बेल्ट काढा, काच उघडा, मुलांना आधी बाहेर काढा. बाहेर पाणी चढलं की त्याच्या दाबाने दार उघडत नाही आणि पॉवर विंडो कधी दगा देईल याचा नेम नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला, तेव्हा बंद गाड्यांमध्ये अडकून माणसं गेली. काच फोडायचा हातोडा डिकीत नको, हाताशी ठेवा. घाव बाजूच्या काचेच्या कोपऱ्यात घाला. पुढची काच लॅमिनेटेड असते, ती तडकते पण सुटत नाही.

नीट बाहेर पडलात तर पुढचे दोन-तीनशे मीटर हळू चालवत ब्रेक हलके दाबून वाळवा. मागचे ड्रम ब्रेक उशिरा वाळतात. घरी पोहोचल्यावर पायाखालचा गालिचा उचलून बघा. वरून कोरडा वाटला तरी खालचा फोम ओला राहतो, आणि सीटखाली एअरबॅगच्या वायरिंगचे कनेक्टर असतात.