पेशी, कोशिका आणि अमरसिंहाचं अंडं

एका वाचकाचा प्रश्न आहे: ‘डेंग्यूच्या रुग्णाच्या पेशी कमी झाल्या, असं सगळे म्हणतात. ते बरोबर आहे का? पेशी म्हणजे तर मांसपेशी, म्हणजे स्नायू ना? मग सजीवांच्या घटकाला हिंदीसारखं कोशिका म्हणणं जास्त शास्त्रीय नाही का?’

पहिल्या भागाचं उत्तर सरळ आहे. बरोबर नाही, आणि आता हे ऐकून कान किटले आहेत. दर पावसाळ्यात तेच. ‘पेशी ऐंशी हजारांवर आल्या’, ‘पेशी चढवायला लागतील’, ‘पेशी वाढायला पपईची पानं द्या’. अहो, कुठल्या पेशी? रक्तात तांबड्या पेशी असतात, पांढऱ्या असतात, आणि डेंग्यूत पांढऱ्याही उतरतात. बोलणाऱ्याच्या मनात असतात त्या प्लेटलेट. पाठ्यपुस्तकात त्यांना रक्तपट्टिका म्हणतात, आणि त्या पूर्ण पेशी नाहीतच. अस्थिमज्जेत काही दांडग्या पेशी असतात, त्यांच्या अंगाचे बारीक तुकडे सुटून रक्तात येतात, ते हे तुकडे. त्यांना केंद्रक नसतं, एकीच्या दोन होत नाहीत, आठ-दहा दिवसांत त्यांचं आयुष्य संपतं. निरोगी माणसाच्या रक्तात मायक्रोलिटरमागे त्या दीड ते साडेचार लाख असतात. रक्तपेढीत तांबड्या पेशींची पिशवी वेगळी आणि प्लेटलेटची वेगळी, तरी ‘तातडीने पेशी हव्यात’ एवढाच निरोप फोनाफोनी फिरत राहतो. प्लेटलेट म्हणा. शब्द इंग्रजी असला तरी गल्लीतल्या शेवटच्या माणसाला तो कळतो.

आता मांसपेशी. व्यायामशाळांच्या आणि प्रथिनांच्या डब्यांच्या जाहिरातींनी हा घोळ घातला आहे. हिंदी मजकूर समोर ठेवायचा, ‘मांसपेशियाँ’चं ‘मांसपेशी’ करायचं, की झाली मराठी जाहिरात! मराठीत दंड फुगवतो तो स्नायू. गंमत अशी की जुन्या संस्कृत वैद्यकात खरोखरच पेशी म्हणजे आपला स्नायू, आणि स्नायू म्हणजे सांधे बांधून ठेवणारे चिवट बंध. सुश्रुताने शरीरात 500 पेशी आणि 900 स्नायू मोजले आहेत. पुढे प्रत्येक भाषेने हे शब्द आपापल्या घरी नेले आणि हवे तिथे बसवले. बंगालीत पेशी म्हणजे आपला स्नायू, स्नायु म्हणजे आपला मज्जातंतू, आणि आपल्या पेशीला तिथे कोष म्हणतात. गुजरातीत स्नायु आपल्यासारखाच, पण पेशीला कोष. मराठीने स्नायू बंधांवरून मांसावर आणला आणि पेशी मोकळी करून घेतली. यात कोणाचंच चुकलेलं नाही. चूक होते ती एका घरातला शब्द अर्थासकट दुसऱ्या घरात ओढून आणला की.

म्हणून ‘मूळ संस्कृतात पेशी म्हणजे स्नायू, सबब मराठीतली पेशी अशुद्ध’ हा युक्तिवाद मला मुळीच मान्य नाही. तो करणाऱ्यांनी संस्कृत शब्दाचा एकच अर्थ वाचलेला असतो. दुसरा अर्थ सांगायलाच मी हे लिहायला घेतलं.

अमरकोश उघडा, म्हणजे अमरसिंहाने रचलेला संस्कृतचा जुना पद्यबद्ध शब्दकोश. दुसरं कांड, पशुपक्ष्यांचा वर्ग. तिथे ही ओळ आहे:

पेशी कोशो द्विहीनेऽण्डं कुलायो नीडमस्त्रियाम्।

ओळीचा उत्तरार्ध घरट्याबद्दल आहे, तो सोडून द्या. पूर्वार्ध पाहा. पक्ष्याच्या अंड्याला तीन नावं: पेशी, कोश आणि अण्ड. ‘द्विहीने’ म्हणजे दोन लिंगांनी रहित, नपुंसकलिंगी. पेशी स्त्रीलिंगी, कोश पुल्लिंगी, अण्ड नपुंसकलिंगी, म्हणजे एका वस्तूला तिन्ही लिंगांत एकेक नाव. काही पंडित पहिले दोन शब्द जोडून ‘पेशीकोश’ असा एकच समास वाचतात. मला ते वाचन पटत नाही. एक स्त्रीलिंगी, एक पुल्लिंगी, एक नपुंसकलिंगी अशी नेटकी मांडणी समोर असताना दोन शब्द चिकटवून एक लिंग गमावायचं कशाला?

आता ज्या दोन शब्दांवरून इतकी वर्षं वाद चालला आहे ते पुन्हा बघा. पेशी आणि कोश. एकाच ओळीत, एकमेकांना लागून, एकाच वस्तूची नावं म्हणून! मराठीने पहिला शब्द घेतला. बंगाली-गुजरातीने दुसरा घेतला आणि हिंदीने त्याला ‘इका’ लावून कोशिका केली. माझं ठाम मत आहे की हा योगायोग नाही. आपल्याकडे विज्ञानाची परिभाषा घडवायला बसलेली पहिली मंडळी पाठशाळेत अमरकोश घोकून आलेली होती. ‘सजीवाचा सर्वांत लहान, स्वतःपुरता पूर्ण, बंद घटक’ याला शब्द शोधताना त्यांच्या जिभेवर अंड्याची ओळ आली. एका प्रांतात पहिला शब्द टिकला, दुसऱ्या प्रांतात दुसरा. मराठीची पेशी सुश्रुताच्या स्नायूकडून आलेली नाही, ती अंड्याकडून आली आहे.

आणि किती अचूक आली आहे! कोंबडीच्या अंड्यातला पिवळा बलक ही मुळात एकच पेशी आहे. पांढरं आणि कवच तिच्यावर नंतर, अंडवाहिनीतून खाली येताना चढतं. बलकावर एक फिकट ठिपका दिसतो, पेशीचं केंद्रक त्यात असतं. (अंडं फळलेलं असेल तर ते घातलं जाईपर्यंत त्या ठिपक्यात हजारो पेशी झालेल्या असतात.) विज्ञानालाही पेशीचं अंतरंग अंड्याच्या वाटेनेच उमगत गेलं. यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने 1825 साली कोंबडीच्या अंड्यातली केंद्रकाची पुटी वर्णिली. रॉबर्ट ब्राउनने ऑर्किडच्या पेशींमधल्या केंद्रकाला नाव दिलं ते त्यानंतर, 1831 मध्ये. 1827 मध्ये फॉन बेअरने सस्तन प्राण्याचं अंडं शोधलं. माणसाचं अंडं मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढं असतं, नजर चांगली असेल तर नुसत्या डोळ्याला जेमतेम ठिपका दिसावा असं. 1839 मध्ये थिओडोर श्वानने प्राण्यांची शरीरंही पेशींचीच बनलेली आहेत हे मांडलं, तेव्हा अंडं हीसुद्धा पेशीच, हेही त्याने सांगितलं. अमरसिंहाला सूक्ष्मदर्शक ठाऊक नव्हता आणि त्याच्या ओळीत विज्ञान दडलेलं आहे असं मी म्हणत नाही. नाव निवडणाऱ्यांची निवड चोख होती, एवढंच म्हणतो.

आता कोशिकावाल्यांकडे वळू. त्यांचं बळ मोठं आहे. 1961 साली स्थापन झालेल्या केंद्राच्या परिभाषा आयोगाचा शब्द कोशिका. आपल्या मराठी विश्वकोशानेही नोंदीमागून नोंदीत ‘कोशिका’ हाच मुख्य शब्द धरून शेजारी कंसात ‘पेशी’ दिली आहे. विश्वकोशाबद्दल मला अपार आदर आहे, पण हा निर्णय मला अजिबात पटलेला नाही. वाचकाला जो शब्द कळतो तो कंसात आणि जो कळत नाही तो उघड्यावर, ही कुठली रीत? त्यांचं समर्थन असं की इंग्रजी ‘सेल’ हा लॅटिन ‘सेला’वरून आला, त्याचा अर्थ छोटी खोली, आणि कोश म्हणजेही धारण करणारी जागा. सबब कोशिका मुळाशी इमानी.

पण त्या खोलीची कथा काय आहे? 1665 साली रॉबर्ट हूकने बुचाची पातळ कापटी सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि त्याला मधाच्या पोळ्यासारखे कप्पे दिसले. त्याने हिशेब मांडला: एका घनइंचात 1,25,97,12,000 कप्पे, सव्वाशे कोटींच्या वर. पाहणी अफाट होती. पण बूच म्हणजे झाडाची मेलेली साल. आतला जीव कधीच गेलेला, उरल्या होत्या त्या भिंती. हूकने हिरव्या झाडांचे कप्पे रसाने भरलेलेही पाहिले होते, तरी नाव पडलं ते भिंतींवरून. प्राण्यांच्या पेशीला तर भिंत नसतेच. म्हणजे रिकाम्या खोल्या पाहून पडलेलं नाव आपण दोन भाषा ओलांडून इमानाने जपायचं, आणि जिवंत अंड्याचं नाव टाकून द्यायचं!

भिंत नसली तरी सीमा असते, आणि इथेच पेशीचं खरं काम चालतं. प्रद्रव्यपटल हा स्निग्ध पदार्थांचा दुहेरी थर, जाडी मिलिमीटरच्या सव्वालाखाव्या हिश्श्याइतकी. त्यात प्रथिनं रुतलेली असतात. त्यांतलं एक प्रथिन अखंड सोडियमचे तीन आयन बाहेर टाकतं आणि पोटॅशियमचे दोन आत घेतं. बाहेर सोडियम जास्त, आत पोटॅशियम जास्त, हा फरक राखण्यासाठी पेशी सतत ऊर्जा खर्च करते आणि त्याच फरकाच्या जोरावर मज्जातंतूतून संदेश धावतो. ही ऊर्जा बहुतांशी तंतुकणिकांमध्ये तयार होते. (तंतुकणिका हा शब्द मला फार आवडतो. ग्रीक ‘मायटोकॉन्ड्रिया’चेही तेच दोन तुकडे, धागा आणि कण.) केंद्रकात सुमारे दोन मीटर डीएनए गुंडाळलेला, तोही मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याहून लहान जागेत. तिथून नक्कल निघते, रायबोझोम तिच्याबरहुकूम प्रथिन जोडतात, आंतर्द्रव्यजालिका आणि गॉल्जी संकुल ते आवरून योग्य ठिकाणी पोचवतात. या सगळ्याला ‘कोश’ म्हटलं की फक्त वेष्टन डोळ्यांसमोर येतं. रेशमाचा कोश, तलवारीचा कोश, शब्दांचा कोश: आत काहीही ठेवा, कोश कोशच.

पेशीचा धातू बघा. पिश् म्हणजे कोरणे, कापून आकार देणे, सजवणे. वेदात ‘पेशस्’ म्हणजे रूप, घडण. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या सहाव्या सूक्तात म्हटलं आहे, ‘केतुं कृण्वन्नकेतवे पेशो मर्या अपेशसे’. ज्याला खूण नाही त्याला खूण देत, ज्याला रूप नाही त्याला रूप देत. ‘पेशल’ म्हणजे सुघड, तो याच घरातला. आणि कापलेला मांसाचा तुकडा म्हणूनही पेशी, तीही याच धातूची. तुकडा आणि घडण हे दोन्ही अर्थ एका शब्दात! 1855 साली रुडॉल्फ फिर्खोने ‘प्रत्येक पेशी पेशीपासूनच’ हे सूत्र लिहिलं. एकीचे दोन तुकडे आणि प्रत्येक तुकडा पुन्हा पुरता घडलेला, हे सांगायला पिश् धातूहून नेमकं दुसरं काय आहे?

गर्भाशीही या शब्दाचं जुनं नातं आहे. चरकाने दुसऱ्या महिन्यातल्या गर्भाची घन, पेशी आणि अर्बुद अशी तीन रूपं सांगितली आहेत. महाभारताच्या आदिपर्वात गांधारीला होते ती ‘मांसपेशी’च, लोखंडी गोळ्यासारखी घट्ट. तिचे अंगठ्याच्या पेरांएवढे एकशे एक भाग होतात आणि ते तुपाने भरलेल्या कुंडांत ठेवले जातात. ही कथा मला शब्दासाठी प्रिय आहे. तिच्यातून प्राचीन मूलपेशी तंत्रज्ञान सिद्ध करणाऱ्यांशी मात्र माझं भांडण आहे. व्यासांच्या ‘पेशी’चा अर्थ मांसाचा गोळा. आज आपण पेशीचा जो अर्थ समजतो तो एकोणिसाव्या शतकानंतरचा आहे. नवा अर्थ जुन्या श्लोकात कोंबला तर शब्दाचा इतिहासच पुसला जातो, आणि विज्ञानाचाही काही लाभ होत नाही.

कोर्टातली ‘पेशी’ वेगळी, ती फारसी ‘पेश’ म्हणजे समोर, यावरून आली. पेशवा, पेशकार तिच्याच गोतातले. आपल्या पेशीचं तिच्याशी काही नातं नाही, हे सांगायला लागू नये, पण लोक विचारतात.

जाता जाता ‘रिक्तिका’बद्दलही, म्हणजे पेशीतल्या रसाच्या पिशवीबद्दलही, बोलायलाच हवं. वनस्पतीच्या प्रौढ पेशीत ती नव्वद टक्क्यांपर्यंत जागा व्यापते, पाणी, क्षार, साखर, रंगद्रव्यं यांनी गच्च भरलेली असते, तिच्या दाबावर पालेभाजी ताठ उभी राहते. आणि आपण मुलांना शिकवतो की ती रिक्त! हीही लॅटिनची नक्कलच; इंग्रजी ‘व्हॅक्युओल’ ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थ रिकामा. तिथे ‘रसधानी’ हा शब्द कितीतरी सरस आहे आणि तो हिंदीकडून घ्यायला माझी काडीची हरकत नाही. शेजाऱ्याचा शब्द वाईट असं माझं म्हणणं नाहीच. कोशिका मराठीला लागत नाही, रसधानी लागते.

राहता राहिलं अनेकवचन. एक पेशी, अनेक पेशी. ‘पेश्या’ नको. दासी, युवती यांच्यासारखा हा तत्सम शब्द आहे, नदी-नद्यासारखा तो चालत नाही. सामान्यरूप पेशींचा, पेशींना, पेशींमध्ये. विशेषण पेशीय, त्यावरून एकपेशीय आणि बहुपेशीय. शाळेतली पोरं हे शब्द अडखळल्याशिवाय म्हणतात. त्यांच्या पुस्तकात ‘एककोशिक’ छापायचा विचार कोणाच्या मनात असेल तर त्याने आधी तो शब्द सातवीच्या वर्गात मोठ्याने म्हणवून घ्यावा.